कुंदाची बारी

कोजागिरी झाली की रायपूरच्या हवेत एक वास येतो. अभनपूरकडच्या शेतांत धान पिकायला आलेलं असतं, वारा तिकडून फिरला की ओलसर, गोडसर असं काहीतरी घरात शिरतं. दुपारचं ऊन अजून चावतंच. संध्याकाळी पलीकडच्या वस्तीतल्या, पाऱ्यातल्या, पोरी टोपलीत मातीचा पोपट घेऊन दारात येतात, टाळ्या देत गोल फिरून सुआ नाच करतात, सुपातले तांदूळ घेतात आणि पुढच्या दाराला जातात. आणि मग एखाद्या सकाळी कुणाच्यातरी खिडकीतून उडदाची डाळ भाजल्याचा वास येतो. चकलीची भाजणी! इतरांच्या तोंडाला पाणी सुटत असेल, सुटो बापडं. कुणी काही बोललेलं नसतं, कुणी बोट दाखवलेलं नसतं, तरी मी उगाच खिडकीचा पडदा ओढून घेते. समोर कुंदाचं घर आहे.

शंकर नगरच्या या गल्लीत आम्ही चार मराठी घरं. माझ्या सासरचे लोक भोसल्यांच्या काळात इकडे आले ते इथलेच झाले. कुंदाचे सासरे रेल्वेत, वर्ध्याहून बदलीवर आले आणि परत गेलेच नाहीत. मी अमरावतीची. वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा गल्लीतल्या बंगल्यांची बघता बघता ऑफिसं झाली, आंब्याची झाडं जाऊन जनरेटर आले, पण आमची चार घरं जागच्या जागी होती. आणि या चार घरांची एक रीत होती. दिवाळीच्या फराळाची बारी. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. जिची बारी असेल तिच्या घरी बाकीच्या तिघी सकाळची कामं आटपून हजर. बोलावणं नाही, आभार नाहीत. मी तुझ्याकडे आले, तू माझ्याकडे आलीस, संपलं. शेतात सावड करतात ना, तसंच. एकटीनं फराळ करायचा म्हणजे काय असतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

चकली माझ्याकडे आणि अनारसे कुंदाकडे, हे कधी ठरलं कोण जाणे. माझा सोऱ्या पितळेचा, माहेरचा. कुंदाचा लाकडी, जरा अडकणारा. त्याच्याशी झटापट करताना ती शिव्या घालायची त्या ऐकण्यासारख्या असायच्या. पण अनारशाला हात लावावा तर तिनंच. तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून, गुळात मळून मुरत ठेवलेला तो गोळा ती अशी उघडायची की आम्ही तिघी माना पुढे करून बघायचो. अनारसा हे दोघींचं काम. एकीनं खसखशीवर थापायचा, दुसरीनं तुपापुढे बसायचं. तुपाची आच जरा इकडची तिकडे झाली की अनारसा कढईत हसतो, म्हणजे फुटून विरघळून जातो, आणि आपल्यावर रडायची पाळी येते. कुंदा थापायची आणि मी तळायची. दुसऱ्या कुणाला ती झारा देत नसे.

वेबसाइटचं खूळ माझ्या मुलानं भरवलं. तो पुण्याला नोकरीला. तिथल्या पोट्ट्यांना मी पाठवलेला डबा आवडला, तर लगेच फोनवर, "मम्मी, तुम वेबसाइट बना लो ना, ऑर्डर लो." आम्ही मराठीत विचारायचं आणि त्यानं हिंदीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा कायदाच. मी म्हटलं, मले काय येते रे त्यातलं? "क्लास होते हैं मम्मी," म्हणे. आणि खरंच होता. आमच्याच शंकर नगरात, औषधांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर, बायकांसाठी. शिकवणारी रश्मी दीदी माझ्याहून निम्म्या वयाची, पण दीदी. आणि मी तिची आंटी. सोबत पंडरीच्या बाजारात चादरींचं दुकान असलेली एक जण होती, एक अगरबत्त्या करणारी होती, आणि सगळ्यात ढ मी.

काय काय शिकले! आधी साइटला नाव घ्यायचं. जे सुचावं ते कुणीतरी घेऊन बसलेलं. आपल्याच पोरांच्या बारशाला एवढा विचार केला नव्हता. मग साचा निवडायचा. मग फोटो. मी हौसेनं स्टीलच्या ताटात चकल्या रचून फोटो काढून नेला. रश्मी दीदीनं तो मोठा करून दाखवला, तर ताटात चकल्यांबरोबर माझं तोंड आणि वरची ट्यूबलाइट. क्लासभर हशा. "आंटी, खिड़की के पास रखिए, केले के पत्ते पर." माउसचं टोक माझ्या हातात ठरत नसे. एकदा अर्धा तास बसून लिहिलेलं पान कुठलीशी कळ दाबून घालवलं आणि तिथल्या तिथे डोळ्यांत पाणी आलं. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, त्या थंडगार खोलीत पदरानं डोळे पुसत होते. पण दुसऱ्या दिवशी परत गेले. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. इतक्या वर्षांत घरातलं कुठलं काम माझ्या एकटीच्या नावाचं नव्हतं. या पानावर मात्र वरती माझं नाव होतं, आणि ते मी स्वतः टाइप केलं होतं.

'आमच्याविषयी' म्हणून एक पान करावं लागतं. काय लिहू म्हणून मी अडले, तर दीदी म्हणाली, घर में जैसे बनता है वैसे ही लिख दो. मग लिहिलं, 'आमच्या गल्लीतल्या बायका एकत्र बसून, गप्पा मारत, मायेनं हा फराळ करतात.' सोबत आदल्या वर्षीचा फोटो लावला. कुंदाच्या घरची बारी, मधे मोठी परात, भोवती आम्ही. कुंदा पाठमोरी आहे, तिचा अंबाडा सुटायला आलाय. रश्मी दीदीला तो फोटो इतका आवडला की तिनं तो पहिल्याच पानावर मोठा करून लावला. मी कुंदाला विचारायला गेले. ती भाजी निवडत होती. "लाव ना वं, काहून विचारून राहिली? पण माही पाठच दिसते त्याच्यात, चेहरा काय वाईट होता का माहा?" म्हणाली आणि हसत सुटली.

त्या वर्षी कुंदाच्या लेकीची, मिनूची पहिली दिवाळी होती. उन्हाळ्यात लग्न झालं, हैदराबादला गेली. दिवाळसणाला मिनू चार दिवस आधी येणार, जावई मागून. कुंदा दसऱ्यापासूनच उडत होती. जावयापुढे जे ताट जाईल त्यात एकही अनारसा मोडका नको, एकही चकली नरम नको. "तू आहेस म्हणून मले काळजी नाही," हे तिनं मला निदान रोज एकदा ऐकवलं असेल.

आता माझी अक्कल ऐका. साइट सुरू झाली दसऱ्याला. मुलानं पुण्यात सांगितलं, दीदीनं कुठेकुठे टाकलं, आणि ऑर्डरी यायला लागल्या. बंगळुरू, पुणे, गुडगाव. ज्यांना मी जन्मात पाहिलं नाही ती माणसं माझी चकली मागत होती. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायची. हे म्हणायचे, "लॉटरी लागली का?" चार-पाच दिवसांतच लक्षात आलं की आता बास, एका सोऱ्यातून किती निघणार. दीदीनं शिकवलं होतं, प्रत्येक वस्तूपुढे एक चौकट असते, त्यात साठा किती ते लिहायचं. माल खत्म हो जाए तो ज़ीरो लिख देना, आंटी.

मी लिहायला बसले तो दिवस नेमका कोजागिरीचा. ज्या दिवशी लक्ष्मी 'कोण जागं आहे' विचारत फिरते त्या दिवशी मी स्वतःच्या हातानं माझ्या धंद्यापुढे शून्य लिहू? आमच्याकडे तांदळाचा डबा खाली झाला तरी 'संपला' म्हणत नाहीत, तळाशी चार दाणे ठेवतात. सासूबाईंनी इतकी वर्षं शिकवलेलं हाडात गेलेलं. माझं बोट शून्याच्या कळीवर गेलं आणि मागे आलं. मग मी आधीचा आकडा पुसला आणि चौकट रिकामी ठेवली. म्हटलं, काही लिहिलंच नाही म्हणजे काही नाही. शहाण्याला शब्दाचा मार.

कॉम्प्युटर कुठला शहाणा. रिकामी चौकट म्हणजे त्याच्या लेखी हवा तेवढा माल. कितीही मागा! मी आपली निवांत आटीव दूध पीत गच्चीवर चंद्र बघत बसले, आणि सकाळी साइट उघडली तर ऑर्डरी मावत नव्हत्या. दीदीला फोन केला. तिनं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला इकडे ऐकू आला. "आंटी, ब्लैंक मतलब अनलिमिटेड!" परत पाठवून द्या पैसे, माफी मागा, असंही तिनं सांगितलं. तेही सरळ होतं. पण मला लाज वाटली. पहिल्याच वर्षी लोकांना नाही म्हणायचं? मी म्हटलं, करते. सगळ्या करते. नाही म्हणण्याची लाज मला परक्यांपुढे वाटली, हे इथं लिहिताना आत्ताही कान गरम होतात.

माझ्या घरची बारी झाली तेव्हा तिघी आल्या आणि न सांगता दुसऱ्या दिवशीही आल्या. कुंदा तर तिसऱ्या दिवशीही आली. तिचा लाकडी सोऱ्या घेऊन, कारण माझा एकटा पुरेना. बंगळुरूच्या त्या माणसांसाठी कुंदानं दंड दुखेपर्यंत चकल्या पाडल्या. "तुही इज्जत ते आमची इज्जत," म्हणाली.

मग कुंदाची बारी आली. कुरिअरवाल्यानं नेमकं त्याच दिवशी सांगितलं, आज संध्याकाळपर्यंत जे जाईल ते दिवाळीच्या आत पोचेल, उद्याचं मी सांगू शकत नाही. मी सकाळीच डबे, चिकटपट्टी, पत्त्यांचे कागद घेऊन बसले. मनात होतं, दुपारपर्यंत उरकते आणि जाते. समोरून मिनू आली. आंघोळ करून, नवी साडी, केस ओले. "काकू, मम्मी बुला रही हैं." मी म्हटलं, "हो गं, आलेच." जरा वेळानं परत आली. मी मान वर न करता म्हटलं, "बस, आले." तिसऱ्यांदा आली ती आत आलीच नाही. दारात उभी राहिली. मी एका डब्याला पट्टी लावत होते, दुसरा दातांनी धरला होता. तिनं माझ्याकडे बघितलं, डब्यांच्या थप्पीकडे बघितलं, आणि परत गेली. बाकीच्या दोघींपैकी एकीची नात आजारी होती, दुसरी दोन तास बसून घरी गेली होती, हे मला नंतर कळलं. त्या घरात त्या वेळी कुंदा थापायला बसली होती आणि तुपापुढे बसायला कुणी नव्हतं.

बसली मिनू. पहिल्या दिवाळीला आलेली माहेरवाशीण. जिला आईनं पाटावर बसवून तेल लावायचं, जिच्या हातचं काम काढून घ्यायचं, ती नव्या साडीचा पदर खोचून कढईपुढे बसली. तिला आच कळेना. पहिला घाणा हसला. दुसरा हसला. कुंदानं सगळं नंतर हसून सांगितलं, जशी एखादी गंमत सांगावी. मिनूच्या मनगटावर तूप उडालं होतं, तेही सांगितलं. मी संध्याकाळी गाडी भरून दिली आणि धावत गेले तेव्हा चूल निवलेली होती, मायलेकी ओसरीत चहा पीत होत्या. कुंदानं मलाही चहा दिला. एक शब्द वाकडा बोलली असती तर बरं झालं असतं. भांडायला मी कधी कमी पडले नाही, रडायलाही पडले नसते. ती म्हणाली, "थकली असशीन. टेक जरा."

आणि मी थकलेच होते हो, म्हणून टेकलेही.

जावयाच्या ताटात माझी चकली गेली ती मोडकी. चांगल्या, गोल, काटे सुटलेल्या सगळ्या डब्यांतून गावोगाव गेल्या होत्या. घरी उरले ते तुकडे. मी ते वर शंकरपाळे रचून झाकले आणि ताट समोर पाठवलं, जसं काही कुंदाला चकली कळत नाही. ताट रिकामं परत करायचं नाही ही रीत. कुंदाच्या घरून ते आलं तेव्हा त्यात अनारसे होते, हसले नव्हते तेवढे, एकूण एक सगळे अख्खे. मी एकही तोंडात टाकला नाही. ह्यांनी खाल्ले आणि म्हणाले, "यंदा कुंदावहिनींच्या अनारशाला ती जाळी नाही." मी उठून स्वयंपाकघरात गेले.

पुढच्या वर्षी बारी ठरली नाही. भांडण झालं नाही, कुणी 'बंद करू' म्हटलं नाही. मी बायका कामाला लावल्या, मागच्या पडवीत दोन मोठ्या शेगड्या घेतल्या. कोजागिरीनंतर माझ्याकडे कधी यावं हेच कुणाला कळेना. एक घर नागपूरला गेलं, एकीचे गुडघे गेले. अशा गोष्टींना कारणं नेहमीच सापडतात आणि ती खोटीही नसतात. कुंदाशी बोलणं आहे, येणंजाणं आहे, हळदीकुंकू आहे. फक्त या पंधरा दिवसांत ती येत नाही. "तुहा सिझन आहे," म्हणते.

साइट मात्र छान चालली आहे. आता माउस माझं ऐकतो. चौकटीत शून्यही लिहिते, बिनदिक्कत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीसुद्धा. आणि पहिल्या पानावर अजून तोच फोटो आहे, परातीभोवती आम्ही चौघी आणि खाली ते वाक्य, गल्लीतल्या बायका एकत्र बसून, मायेनं. लोक त्या फोटोखाली लिहितात, किती सुंदर परंपरा, जपून ठेवा. मी वाचते आणि धन्यवाद म्हणून हात जोडल्याचं चित्र टाकते. दोन-तीनदा ते वाक्य बदलायला बसले होते. पुसलं की चौकट कोरी दिसते, आणि त्या जागी खरं काय लिहायचं ते सुचत नाही. मग होतं तेच परत ठेवते. जे मोडलं त्याचाच फोटो लावून मी खाते, असं एकदा ह्यांना म्हटलं. ते म्हणाले, "तू फार विचार करते." करते खरी. पण विचार करून करून मी फोटो तिथून काढून टाकला नाही, हेही आहेच.

या वर्षी, गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी ऑर्डरी बघत होते. एक हैदराबादची होती. मागवणारीचं नाव मीनल, पुढे एक तेलुगू आडनाव. मिनूचं सासरचं आडनाव माझ्या जिभेला कधी बसलं नाही, त्यामुळे नावावरून माझी नजर सरळ पुढे गेली. चकली अर्धा किलो. पाठवायचा पत्ता वेगळा होता. रायपूर. शंकर नगर. आमची गल्ली. मी पत्ता वाचला, मान वर केली आणि खिडकीतून तो पत्ता पाहिला. कुंदा दारातल्या तुळशीला पाणी घालत होती.

खाली एक ओळ होती, विशेष सूचना लिहायला जागा असते तिथं. 'मम्मी के कंधे में दर्द है, अब उनसे सोऱ्या नहीं घूमता. ताज़ी भेजिएगा, प्लीज़.' बस, एवढंच. काकू नाही, नमस्कार नाही, जसं कुणीही लिहील तसं. खांदा दुखतो हे मला माहीत नव्हतं. समोरासमोर राहतो आम्ही.

मी त्या दिवशी बायकांना बाजूला केलं आणि तो घाणा स्वतः काढला. डब्यात भरला, गाडीवाल्याच्या थप्पीत ठेवला, परत काढला, आणि घेऊन गल्ली ओलांडली.

"अवं, तू कशाले आणलं?" कुंदानं दार उघडलं. "तो गाडीवाला येते ना."

"समोरच तर आहे," मी म्हटलं. "आणि खांद्याचं बोलली नाहीस ते?"

"त्याचं काय सांगायचं, वयाचं आहे." तिनं डबा डाव्या हातानं घेतला. "बस. मिनूनं मांगवलं हे. मी म्हटलं तिले, ऑर्डर काहून करून राहिली वं, काकूले खिडकीतून एक हाक मारली तं धावत येते ते."

"मग?"

"मंग काय. म्हणते कशी, 'मम्मी, आवाज़ दोगी तो काकू को आना पड़ेगा. ऑर्डर करूँगी तो बस भेजना पड़ेगा.'" कुंदा कौतुकानं हसली. "लय समजदार आहे पोट्टी. दुसऱ्याची अडचण समजते तिले."

टोमणा नव्हता हो. टोमणा मी ओळखते. तिला खरंच लेकीचं कौतुक वाटत होतं.

"सोऱ्या काढ तुझा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "आत्ता बसू. भाजणी मी आणते, तू नुसती बसून बोल."

"आता कशाले? आली ना चकली. दोघं तं आहो आम्ही, कोण खाते एवढी?" तिनं डब्यातली एक काढून उजेडाकडे धरली, काटे पाहिले, मोडून तोंडात टाकली. "चांगली झाली." मग घड्याळाकडे बघितलं. "जाय वं तू. येईल गाडीवाला तुह्या इकडं, पॅकिंग राहिली असन."

मी बसूनच राहिले. वाटलं, 'बस ना' म्हणेल. ती डब्याचं झाकण लावत होती.

पॅकिंग राहिलीच होती. मी उठले.